एकोणिसावी अक्षौहिणी

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या, रुक्मिणीचे माहेर म्हणून अखिल महाराष्ट्रास वंद्य असलेल्या आणि दर आषाढीस पंढरीकडे आपली पालखी पाठविणाऱ्या कौंडण्यपुराचा भारतीय युद्धाशी जो संबंध आहे तो मोठा चमत्कारिक आहे. भीष्मकाचा पुत्र आणि रुक्मिणीचा बंधू रुक्मी हा एक अक्षौहिणी सैन्य घेऊन प्रथम पांडवांकडे गेला, अर्जुनापुढे त्याने आपल्या पराक्रमाची अशी काही घमेंड मिरविली की त्याचे साहाय्य तेथे नाकारले गेले, आणि मग तो दुर्योधनाकडे गेला असता त्या मानी राजानेही त्याला तशीच वाट दाखविली. उद्योगपर्वातील ही कथा बहुतेक वाचक विसरून जातात. परंतु ज्या एका लोकप्रिय मताचा समाचार प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे त्या मताच्या मुळावर नेमकी हीच विस्मृत कथा येते, आणि तीही गणिताच्या वाटेने.

ते मत असे. महाभारताची पर्वे अठरा, युद्धाचे दिवस अठरा, गीतेचे अध्याय अठरा आणि कुरुक्षेत्रावर जमलेले सैन्यही अठराच अक्षौहिणी. इतकेच नव्हे तर एका अक्षौहिणीत जे २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ सांगितले आहे त्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज अठराच येते, आणि या सर्वांची एकंदर जी २,१८,७०० तिच्याही अंकांची बेरीज अठराच. यावर कडी म्हणून असे सांगण्यात येते की ग्रंथाचे मूळ नाव जे ‘जय’ त्यातील अक्षरांचे कटपयादी पद्धतीने अंक केले तर ८ आणि १ मिळतात व उजवीकडून वाचल्यास तेही अठराच होतात. इतक्या ठिकाणी एकच संख्या यावी हा योगायोग असणे शक्य नाही, सबब येथे व्यासांनी पेरलेला दैवी संकेत आहे, असा निर्णय हे अष्टादशवादी देतात. कीर्तनाच्या उत्तररंगात हा हिशेब मांडला जातो तेव्हा मंडपात जो विस्मयाचा सुस्कारा उमटतो तो आम्ही वऱ्हाडात अनेकदा ऐकला आहे, आणि पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्याची आमची इच्छा नसल्याने तो येथे त्याच्या पूर्ण ऐटीत मांडला आहे.

प्रथम जे मान्य करावयाचे ते मान्य करून टाकू. पर्वे, दिवस, अध्याय आणि अक्षौहिणी या चौघांत अठरा ही संख्या येते यामागे कवीची किंवा संपादकांची आवड असणे सहज संभवनीय आहे. संख्यांची आवड असणे हा काही कवीचा अपराध नव्हे. मात्र येथेही वहिवाट एकमुखी नाही. दाक्षिणात्य पाठपरंपरेत याच महाभारताची चोवीस पर्वे मोजली जातात, आणि आदिपर्वातील पर्वसंग्रहात शंभर उपपर्वांची यादी स्वतंत्रपणे दिली आहे. ‘जय’ या नावाचा दाखला तर याहून कच्चा आहे, कारण केरळातील हरिदत्ताच्या सातव्या शतकातील ज्योतिषग्रंथात जिचा उपयोग स्पष्ट दिसतो ती कटपयादी पद्धती महाभारताच्या कर्त्याच्या हाती देण्यास कोणताही पुरावा नाही. परंतु या किरकोळ बाबींवर वाद घालण्यात आम्हाला स्वारस्य नाही. खरा दावा आहे तो अंकांच्या बेरजेचा; दैवी संकेताची सारी इमारत त्याच खांबावर उभी आहे, म्हणून त्याची रुजुवात तपशिलाने करणे प्राप्त आहे.

अक्षौहिणी ही संख्या आकाशातून पडलेली नाही. ती कशी घडवली हे खुद्द आदिपर्वच सांगते. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचे सेनामुख, तीन सेनामुखांचे गुल्म, तीन गुल्मांचा गण, तीन गणांची वाहिनी, तीन वाहिनींची पृतना, तीन पृतनांची चमू, तीन चमूंची अनीकिनी, आणि अशा दहा अनीकिनी मिळून एक अक्षौहिणी. सात वेळा तिप्पट आणि शेवटी एकदा दसपट, इतकीच ही रचना आहे. तीनचा सातवा घात २,१८७. त्याला दहाने गुणले की २१,८७० पत्ती होतात, म्हणजे तितकेच रथ आणि तितकेच हत्ती. घोडे त्याच्या तिप्पट, पायदळ पाचपट, आणि एका पत्तीत एकंदर दहा घटक असल्यामुळे अक्षौहिणीची बेरीज २१,८७० ची पुन्हा दसपट. येथेच अष्टादशवाद्यांच्या साक्षीपुराव्यातील पहिली लबाडी उघडी पडते, मग ती अजाणता झालेली का असेना. रथ, हत्ती आणि एकंदर या तीन साक्षीदारांची जबानी वेगवेगळी नाहीच. २, १, ८, ७ हे तेच चार अंक तीन वेळा पिंजऱ्यात उभे केले आहेत, आणि शून्याने अंकांच्या बेरजेत भर पडत नाही हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. पाच साक्षीदारांपैकी स्वतंत्र म्हणावेत असे तीनच उरतात.

आता या तिघांची उलटतपासणी करू. दहा, शंभर, हजार, दहा हजार यांपैकी कोणत्याही संख्येस नवाने भागले तर बाकी एकच उरते. म्हणून कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज या दोहोंस नवाने भागले असता बाकी सारखीच येते. जुने कारकून आणि पेढीवरचे दिवाणजी गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी नवाचा ताळा घेत असत तो याच नियमाच्या जोरावर, आणि दहाव्या शतकाच्या सुमाराच्या द्वितीय आर्यभटाच्या महासिद्धांतात हा ताळा आलेला आहे. जी संख्या दोनदा तिप्पट झाली ती नवाची पट झालीच. यापुढे तिला कितीही वेळा तिप्पट करा, दसपट करा, पाचाने गुणा, नऊ तिची पाठ सोडणार नाही आणि तिच्या अंकांची बेरीज ९, १८, २७ अशीच येत राहील. अक्षौहिणीच्या रचनेत गुल्मापाशी, म्हणजे दुसऱ्याच पायरीवर, हा प्रवेश झाला आहे. त्यानंतर बेरीज नवाच्या पटीत न येऊ देणे हे व्यासांनाच काय, कोणालाही शक्य नव्हते. जे टाळता येत नाही त्याला संकेत म्हणत नाहीत.

आणि हा नियमही संख्येच्या अंगचा नव्हे, तो आपण दहाच्या पटीने संख्या लिहितो या रिवाजाचा आहे. आठाच्या पटीने लिहिणारा कोणी समाज असता तर त्याने २१,८७० ही संख्या ५२५५६ अशी लिहिली असती व त्याच्या अंकांची बेरीज २३ भरली असती. तीनच्या पटीने लिहिणाऱ्याने २,१८७ साठी एकावर सात शून्ये मांडली असती व बेरीज एक आली असती. शिवाय आदिपर्वात या संख्या शब्दांत सांगितल्या आहेत: एकवीस सहस्र, वर आठशे, वर सत्तर. त्यांचे सुटे अंक करून त्यांची बेरीज घेणे हा उद्योग वाचकाने मागाहून केलेला आहे, कवीने नव्हे.

येथे चतुर प्रतिपक्षी विचारील की, बेरीज नवाच्या पटीत येणे अटळ असेल, पण तिन्ही ठिकाणी अठराच का, नऊ किंवा सत्तावीस का नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोजून देता येते. १ ते ९,९९९ या दरम्यान नवाच्या पटी १,१११ आहेत. त्यांपैकी ज्यांच्या अंकांची बेरीज ९ येते अशा २२०, २७ येते अशा २२०, ३६ येते अशी ९,९९९ ही एकटी, आणि १८ येते अशा तब्बल ६७०. म्हणजे चार अंकांच्या आत नवाची कोणतीही पट डोळे मिटून उचलली तरी शंभरात साठ वेळा अठराच हाती येणार. रथांचे २,१८७ आणि घोड्यांचे ६,५६१, शेवटचे शून्य वगळता, याच टापूत बसतात. पायदळाचे १०,९३५ पाच अंकी आहे, आणि ९९,९९९ पर्यंतच्या ११,१११ पटींतही अठरा बेरजेच्या ४,८४० आहेत, सत्तावीसच्याही तितक्याच. ज्या जुगारात शंभरपैकी साठ वेळा एकच दान पडते तेथे ते दान पडले म्हणून देवाचे आभार मानावेत, पण देवाची सही पडली असे म्हणू नये.

ज्यांना ही गणना रुक्ष वाटते त्यांनी एक सोपी परीक्षा घ्यावी. पत्तीमध्ये काही उंटही होते अशी कल्पना करा, आणि त्यांची संख्या आपल्या मर्जीने एक ते नऊ यांपैकी कोणतीही धरा. दर पत्तीस दोन उंट धरले तर अक्षौहिणीत ४३,७४० उंट होतात व अंकांची बेरीज १८ येते; सात धरले तर १,५३,०९० होतात व बेरीज पुन्हा १८. एक, दोन, तीन, पाच आणि सात या पाचही आकड्यांनी अठरा मिळते. चार, आठ आणि नऊ यांनी सत्तावीस, आणि सहाने नऊ. व्यासांनी जे उंट कधी नेमलेच नाहीत त्यांनाही हा दैवी संकेत इतक्या उदारपणे लाभत असेल तर त्याची किंमत काय राहिली, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आतापर्यंत आम्ही एवढेच दाखविले की एका अक्षौहिणीतील अठरा हे नवल नव्हे. आता अष्टादशवाद्यांनी जो आकडा कधीच सभेपुढे आणला नाही तो आणू. कुरुक्षेत्रावर सैन्य एक अक्षौहिणी नव्हते, अठरा अक्षौहिणी होते. आणि संकेत जर युद्धाविषयी असेल तर तो त्या समग्र सैन्याच्या संख्येत दिसला पाहिजे. अठरा अक्षौहिणी म्हणजे ३९,३६,६००. तीन, नऊ, तीन, सहा, सहा: बेरीज सत्तावीस. रथ घ्या, ३,९३,६६०, बेरीज सत्तावीस; हत्ती तितकेच; घोडे ११,८०,९८०, बेरीज सत्तावीस; पायदळ १९,६८,३००, बेरीज सत्तावीस. पाचही सदरांत अठरा एकदाही येत नाही. कौरवांच्या अकरा अक्षौहिणींची संख्या २४,०५,७०० आणि पांडवांच्या सातांची १५,३०,९००. या दोहोंच्या अंकांची बेरीज निरनिराळी घेतली तर अठरा-अठरा येते, म्हणजे सैन्ये आपापल्या छावणीत असेतोवर संकेत शाबूत होता आणि रणांगणावर समोरासमोर येताच तो नाहीसा झाला, असे म्हणण्याची पाळी येते.

आणि आता रुक्मीकडे वळू. रुक्मिणीहरणाच्या वेळी कृष्णाकडून पराभूत झाल्यावर कुंडिनपुरात, म्हणजेच कौंडण्यपुरात, परत पाऊल टाकावयाचे नाही या प्रतिज्ञेपायी ज्याने भोजकट नगर वसविले, त्या वैदर्भ राजपुत्राची अक्षौहिणी जर कोणत्याही एका पक्षाने पदरात घेतली असती तर सैन्य एकोणीस अक्षौहिणी झाले असते, म्हणजे ४१,५५,३००. चार, एक, पाच, पाच, तीन: बेरीज अठरा! अष्टादशवाद्यांच्या न्यायाने पाहता दैवी संकेत पुरा होण्यास फक्त आमच्या विदर्भाची एक अक्षौहिणी कमी पडली. अर्जुनाने आणि दुर्योधनाने ती नाकारून अक्षौहिणी अठरा राखल्या आणि अंकांतले अठरे घालविले. ज्या पद्धतीने अठरा अक्षौहिणींचे गूढ एकोणीस अक्षौहिणींत सापडते ती पद्धती कोणाच्याही वकिलीस लायक नाही.

यावर येणारे उत्तरही आम्हाला ठाऊक आहे: सत्तावीस म्हणजे नक्षत्रे! नऊ आले असते तर ग्रह झाले असते, छत्तीस आले असते तर छत्तीस गुण जुळले असते. कोणताही निकाल लागला तरी जो पक्ष हरत नाही तो मुळात दावा करीतच नसतो. स्त्रीपर्वात युधिष्ठिर धृतराष्ट्रास मृतांची संख्या सांगतो ती १६६ कोटी २० हजार. तिच्या अंकांची बेरीज पंधरा, म्हणजे येथे नऊचाही पत्ता नाही. त्याच ठिकाणी ज्यांचा ठाव लागला नाही अशा वीरांची संख्या २४,१६५ दिली आहे, आणि तिच्या अंकांची बेरीज मात्र अठरा येते. ही दुसरी संख्या कोणाच्या नजरेस पडली तर तो ती आनंदाने आपल्या यादीत घालील व तिच्या शेजारची पहिली गाळील. सोयीची कलमे वाचून गैरसोयीची दडविणाऱ्यास दफ्तरात ठेवीत नाहीत, मग व्यासपीठावर का बसवावे?

अशी नवले किती स्वस्त असतात हे पाहावयास महाभारतापर्यंत जाण्याचेही कारण नाही. अचलपूरनजीकच्या चम्मक गावी सापडलेला वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेनाचा ताम्रपट याच रुक्मीच्या नगराच्या नावाने चालणाऱ्या भोजकट-राज्यातील दानाचा आहे; राजमानाने ८,००० भूमी भरणारे चर्मांक हे गाव १,००० ब्राह्मणांस दिल्याची ती सनद आहे. आता ८,००० च्या अंकांची बेरीज ८, आणि ८,००० ला ८ ने भागले तर भागाकार येतो १,०००, म्हणजे नेमकी दान घेणाऱ्या ब्राह्मणांची संख्या! अष्टादशवाद्यांचा कायदा लावला तर ती सनद लिहिणारा वाकाटकांचा कारकून द्रष्टा ठरेल. वस्तुतः त्या बिचाऱ्याने प्रत्येकास आठ भूमी असा सरळ हिशेब डोळ्यांपुढे ठेवला असावा, इतकेच.

दुसऱ्या टोकास असलेल्या मंडळींनाही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अक्षौहिणी ही निव्वळ थाप आहे, असे म्हणून ते संख्येला मोडीत काढतात. एका प्रौढ हत्तीस दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो वैरण लागते असे धरले तर कुरुक्षेत्रावरील हत्तींना रोज ५९,०४९ टन वैरण लागली असती, तेव्हा ही सैन्याची हजेरी नव्हे हे त्यांचे म्हणणे आम्हास मान्य आहे. मोरेश्वर दीक्षितांनी कौंडण्यपूरच्या उत्खननाचा जो अहवाल १९६८ साली प्रसिद्ध केला त्यात मातीने दिलेला पुरावा आहे. अक्षौहिणीचा पुरावा कोणत्याही टेकाडात सापडावयाचा नाही. परंतु ५९,०४९ हा तीनचा दहावा घात आहे हे त्यांच्या ध्यानी आले आहे काय? सैन्याची रचना इतकी घट्ट विणलेली आहे की तिच्या हत्तींच्या वैरणीतूनही तीनचे घात बाहेर पडतात. ज्या काळी कोणी हे कोष्टक सात पायऱ्यांनी, एकही चूक न करता, शब्दांत बांधले त्या काळी त्याला गुणोत्तरश्रेणीचे मर्म अवगत होते. अतिशयोक्ती म्हणून ते फेकून देणाऱ्याने कवीची अतिशयोक्ती पाहिली, त्याचे गणित पाहिले नाही.

कोणी म्हणेल की अंकांशी खेळणे हेच तुम्हाला नापसंत आहे. मुळीच नाही. देवळालीच्या शाळेत शिक्षकी करून दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी जन्मभर अंकांशीच खेळ मांडला, आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या सदरात त्याची ओळख जगाला करून दिली. पण कापरेकरांचा खेळ आणि अष्टादशवाद्यांचा खेळ यांत फरक असा की कापरेकरांनी नियम आधी सांगितला आणि तो सर्वांना लागू केला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सारे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंकांची उतरती मांडणी करून तीतून चढती वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ आलेच पाहिजे. अनीकिनीची २,१८७ ही संख्याच पाहा: ८७२१ मधून १२७८ गेले, उरले ७४४३, पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि पाचव्या खेपेस ६१७४. येथे गाळावयास गैरसोयीचे कलम नाही. एक जरी संख्या उलटी निघाली असती तर कापरेकरांचा नियम त्याच क्षणी रद्द झाला असता. गणित ज्याला नियम म्हणते ते असे स्वतःच्या मानेवर सुरी ठेवून उभे असते.

कापरेकरांनीच ज्या संख्यांना हर्षद हे नाव दिले, म्हणजे ज्यांना आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो त्या, त्यांत २,१८,७०० ही संख्या बसते, ३९,३६,६०० ही बसते आणि रुक्मीसह होणारी ४१,५५,३०० हीसुद्धा बसते. परंतु कुरुक्षेत्रावरील समग्र सैन्याच्या संख्येत जे खरोखर दुर्मीळ आहे ते याहून पुढे आहे, आणि ते अष्टादशवाद्यांच्या हातून निसटले याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते. ३९,३६,६०० या संख्येस २०० ने भागा. भागाकार १९,६८३ येतो, तो तीनचा नववा घात आहे, म्हणजेच सत्तावीसचा घन आहे, आणि त्याच्या अंकांची बेरीजही सत्तावीसच आहे. आपल्या अंकांच्या बेरजेचा घन असलेल्या अशा संख्या दशमान पद्धतीत एक धरून केवळ सहा आहेत: १, ५१२, ४,९१३, ५,८३२, १७,५७६ आणि १९,६८३. यांतील ५,८३२ हा अठराचा घन आहे, हे अठराच्या भक्तांनी अवश्य लक्षात घ्यावे.

हा गुणही कोणी हेतुपुरस्सर पेरला असे आम्ही म्हणणार नाही, कारण तोही दहाच्या पटीने लिहिण्यातून उद्भवतो. परंतु तो सिद्ध करता येतो, मोजता येतो आणि त्याची यादी सहाव्या नावावर संपते. तेव्हा आमचे कीर्तनकारांस आणि शिक्षकांस एवढेच सांगणे आहे की अक्षौहिणी सांगताना पत्तीपासून अनीकिनीपर्यंतच्या सात तिपटी मुलांकडून फळ्यावर करवून घ्याव्यात, आणि अंकांच्या बेरजेतून काढलेले अठराचे गूढ आपल्या निरूपणातून कायमचे कमी करावे. ते गणितात टिकत नाही आणि खुद्द महाभारताच्या संख्यांतही टिकत नाही.